गोपनीय पाऊस : हवामानाचे ज्ञान कोणाचे?

१/
१९०२ साली हिंदुस्थानात एक विलक्षण गोष्ट घडली. येत्या मोसमी पावसाचे भाकीत सरकारने गोपनीय ठरवले. भाकीत तयार होत राहिले, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मेजावर पोहोचत राहिले; पण ज्याचे बियाणे, बैल आणि सावकाराचे देणे त्याच पावसावर अवलंबून होते, त्या शेतकऱ्याला ते कळण्याची सोय उरली नाही. हवामान बदलाच्या धोरणात संशोधनाला आणि लोकमाहितीला सार्वजनिक पाठबळ का हवे, या आजच्या प्रश्नाचे उत्तर या जुन्या गुपितात दडलेले आहे. धागा मोठा आहे.

२/
कथेचा आरंभ त्याहून जुना आणि अधिक आशादायक आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, वेधशाळा बांधली. आकाशातील ज्योतींचे वेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे मूळ काम. १८४१ पासून तेथे चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदी नियमाने होऊ लागल्या. त्या वहीत रोज भरला जाणारा आकडा पुढच्या पिढ्यांसाठी काय मोलाचा ठरणार आहे, याची कल्पना तेव्हा फारशी कोणाला असण्याचे कारण नव्हते.

३/
या वेधशाळेचे संचालकपद काही काळ बाळशास्त्री जांभेकरांनी सांभाळले. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे तेच बाळशास्त्री. त्यांच्या प्रभावळीतील केरोपंत छत्रे याच वेधशाळेत तरुणपणी सहायक होते. पुढे केरोपंत डेक्कन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक नावाचा एक तरुण होता. निसर्गाची नोंद ठेवणे आणि लोकांना त्यांच्या भाषेत माहिती देणे ही दोन कामे मराठी आधुनिकतेच्या उंबरठ्यावर एकाच घरात नांदत होती. ती पुढे वेगळी कशी झाली, हाच या कथेचा गाभा.

४/
१८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले आणि हजारो माणसे दगावली. १८६६ आणि १८७१ मध्ये पाऊस चुकला. त्यांपैकी १८६६ चा ओरिसातील दुष्काळ आजही आठवला जातो. या आघातांनंतर १८७५ मध्ये अखिल हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. संशोधनाला पैसा मिळाला तो संकट येऊन गेल्यावर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

५/
खाते उभे राहते न राहते तोच १८७६-७८ चा महादुष्काळ आला. दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थान होरपळले. मृतांचे अंदाज अर्ध्या कोटीच्या वर जातात. या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेले काम इतिहासात पुरेसे अधोरेखित झालेले नाही. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने निघालेल्या या सभेने तालुक्यातालुक्यांत माणसे पाठवली, पिकांची आणि उपासमारीची माहिती गोळा केली आणि ती मुंबई सरकारपुढे मांडली. नागरिकांनी स्वतः उभारलेली ती माहिती-यंत्रणाच होती.

६/
दुष्काळानंतर आयोग बसला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. टंचाई केव्हा मानायची, मदतीची कामे केव्हा काढायची, सारा केव्हा तहकूब करायचा, याचे नियम प्रथमच कागदावर आले. दुसरीकडे पावसाची आगाऊ सूचना मिळेल काय, अशी विचारणा ब्लॅनफर्डकडे झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच आपत्तीतून दोन गोष्टी जन्मल्या : आपत्ती-धोरण आणि हवामान-संशोधन.

७/
ब्लॅनफर्डने हिमालयातील बर्फाकडे पाहिले. हिवाळ्यात आणि वसंतात तेथे बर्फ फार पडले की पुढचा मोसमी पाऊस रोडावतो, असा संबंध त्याला दिसला. १८८४ मध्ये त्याने तो निबंधरूपाने मांडला. त्याआधीपासून प्रायोगिक भाकिते निघत होती. ४ जून १८८६ रोजी संपूर्ण हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशासाठी मोसमी पावसाचे पहिले नियमित भाकीत प्रसिद्ध झाले. ऋतूचा अंदाज शासकीय पातळीवर दरवर्षी देण्याचा जगातील हा आरंभीचा प्रयोग होता.

८/
या भाकितामागे एका बुद्धिमान माणसाची कल्पना होती, तशीच शेकडो अनामिकांची शिस्तही होती. डोंगरावरच्या ठाण्यावर बर्फाची नोंद करणारा, कचेरीच्या आवारात पर्जन्यमापकातले पाणी मोजणारा, तारेने आकडे धाडणारा, रकाने भरणारा कारकून. संशोधनाचा हा भाग कधी बातमीचा विषय होत नाही. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली कात्री मात्र यालाच लागते.

९/
आता १८९६. पाऊस पुन्हा हुलकावणी देऊन गेला. या वेळी दुष्काळ संहिता अस्तित्वात होती, नियम छापलेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि सरकारी दप्तरात होते. टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेमार्फत एक साधे काम हाती घेतले. संहितेतले नियम मराठीत समजावून सांगायचे, पत्रके वाटायची, गावोगाव सभा घ्यायच्या. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून मागण्याचा अधिकार आहे, मदतीची कामे मागता येतात, हे कुणब्याला त्याच्या भाषेत कळले.

१०/
या कार्यकर्त्यांनी नवा कायदा सांगितला नव्हता. सरकारने स्वतः लिहिलेला नियमच त्यांनी लोकांना वाचून दाखवला होता. तरीही काहींवर खटले भरले गेले आणि १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा तिचा अधिकृत दर्जा संपला. शांतपणे विचार केल्यास यातील मर्म ध्यानात येते. धोरण कपाटात असेपर्यंत कोणालाच अडचण नसते. ज्याच्यासाठी ते केले त्याला ते समजले की ते हक्काचे रूप घेते, आणि मग अडचण सुरू होते.

११/
दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, मोसमी पावसाने इतिहासातील सर्वांत वाईट वर्षांपैकी एक दाखवले. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्याचा मोठा भाग होरपळला. लक्षावधी माणसे आणि अगणित गुरे गेली. ब्लॅनफर्डनंतर खात्याची धुरा जॉन इलियट यांच्याकडे होती. त्यांची भाकिते सविस्तर असत आणि त्यांत आत्मविश्वासही भरपूर असे. १८९९ चे भाकीत सपशेल चुकले. वृत्तपत्रांनी खात्यावर झोड उठवली.

१२/
आणि १९०२ पासून काही वर्षे भाकिते गोपनीय झाली. चूक झाल्यावर खात्यापुढे दोन वाटा होत्या. चूक का झाली, अंदाजाला मर्यादा कोणत्या, खात्रीचे किती आणि शंकेचे किती, हे लोकांना सांगणे ही एक. लोकांनाच दाराबाहेर ठेवणे ही दुसरी. दुसरी वाट सोपी होती. टीकेचा त्रास थांबला. पावसाचे वर्तन आणि शेतकऱ्याची अडचण मात्र होती तेथेच राहिली.

१३/
गोपनीयतेच्या बाजूनेही काही बोलता येते आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. चुकीच्या भाकितावर विसंबून कोणी पेरणी लांबवली तर त्याचे नुकसान होते. दुष्काळाची वार्ता आधी फुटली तर व्यापारी धान्य दडवतात आणि भाव भडकतात. अर्धवट माहितीने घबराट पसरते. हे आक्षेप पोकळ नाहीत. हवामान बदलाविषयी आजही नेमके हेच बोलले जाते : आकडे अनिश्चित आहेत, लोक घाबरतील, गुंतवणूक बिथरेल, तेव्हा थोडे थांबावे.

१४/
परंतु या युक्तिवादात एक भोक आहे. गुपित सर्वांसाठी सारखे गुपित राहत नाही. कचेरीच्या जवळ असलेल्याला ते आधी कळण्याची शक्यता असते. दूर असलेल्याला ते कळतच नाही. साठेबाजाची भीती दाखवून माहिती कोंडली तर त्या साठेबाजालाच लाभ होण्याचा धोका वाढतो. उघड माहितीमुळे बाजारात गडबड होऊ शकते हे खरे. पण बंद माहितीमुळे होणाऱ्या गडबडीची कोणी दादही मागू शकत नाही.

१५/
१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. होती ती आकड्यांची शिस्त. १८९९ सारखी चूक का होते, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी केवळ हिमालयाचे बर्फ न पाहता जगभरच्या ठाण्यांवरील वायुदाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागवले आणि गणकयंत्रांपूर्वीच्या त्या काळात हिंदी कारकुनांच्या तुकडीकडून हातानेच परस्परसंबंधांची प्रचंड आकडेमोड करवून घेतली.

१६/
त्यातून १९२०च्या दशकात एक आश्चर्य समोर आले. प्रशांत महासागरावर वायुदाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही. जणू पृथ्वीवर एक विराट तराजू हलतो आहे. वॉकरने त्याला ‘दक्षिणी दोलन’ असे नाव दिले. महाराष्ट्राच्या शेतातला पाऊस हजारो मैलांवरच्या समुद्राशी बांधलेला असू शकतो, ही कल्पना त्या काळी अनेकांना अतिरेकी वाटली. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी या दोलनाचा एल निनोशी असलेला दुवा उलगडला, तेव्हा तिचे खरे मोल जगाला कळले.

१७/
वॉकरचा आणखी एक विचार आजच्या धोरणकर्त्यांनी वाचावा असा आहे. ऋतूच्या अंदाजाला ‘भाकीत’ म्हणणे त्यांना खटकत असे. त्यापेक्षा येणाऱ्या गोष्टीची आधी पडलेली छाया, अशा अर्थाचा सौम्य शब्द त्यांनी सुचवला. त्यामागे अनिश्चितता न लपवता ती माहितीचाच एक भाग म्हणून सांगण्याची वृत्ती होती. त्यांच्या काळात भाकिते पुन्हा लोकांपुढे येऊ लागली. विश्वासाचा पाया नेहमीच अचूक ठरण्यात असतो असे नाही. कुठे चुकू शकतो हे आधी सांगण्यातही तो असतो.

१८/
इथे क्षणभर थांबून हिशेब करावा. १८४१ ची कुलाब्याची वही, १८७५ चे खाते, १९२०च्या दशकातील दोलन आणि १९६९ चा उलगडा. बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. पाच वर्षांच्या निवडणूक-चक्रात किंवा तीन वर्षांच्या प्रकल्पात हे मावत नाही. शिवाय न घेतलेली नोंद पुढे कितीही पैसा ओतला तरी मागे जाऊन घेता येत नाही. रस्ता दहा वर्षांनी बांधता येतो. १९१८ च्या जुलैतले तापमान आज मोजता येत नाही. संशोधनाला चांगल्या पावसाच्या वर्षीही पाठबळ हवे, ते या कारणासाठी.

१९/
१९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले आणि चौकाचेही तेच नाव पडले. १९३२ मध्ये येथे कृषी हवामान विभाग सुरू झाला, एल. ए. रामदास यांनी तो घडवला. पीक आणि हवा यांचा मेळ घालणारे शास्त्र येथे रुजले आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे प्रादेशिक भाषांतून जाऊ लागली. बाळशास्त्रींच्या काळी एका घरात असलेली दोन कामे शंभर वर्षांनी पुन्हा भेटली, असेच म्हणावे लागेल.

२०/
१९६२ मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी झालेली पहिली भारतीय पृथ्वी-प्रणाली प्रतिकृती याच संस्थेत घडली. भारतीय प्रदेशावरील हवामान बदलाचे मूल्यमापन करणारा भारत सरकारचा पहिला सविस्तर अहवाल २०२० मध्ये आला, तोही मुख्यतः येथील शास्त्रज्ञांच्या श्रमातून. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

२१/
म्हणजे एकूण पाऊस कमी आणि जो पडतो तो एकदम. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी, सह्याद्रीच्या उतारावरचे गाव, कोकणातील मच्छीमार, मुंबईच्या सखल वस्तीतील भाडेकरू यांच्या जगण्याशी थेट भिडणारे हे निष्कर्ष आहेत. अहवाल गोपनीय नाही. कोणालाही विनामूल्य वाचता येतो. पण तो इंग्रजीत आहे आणि शास्त्रज्ञांच्या परिभाषेत आहे. १९०२ चे कुलूप काढले गेले, १८९६ ची भिंत मात्र उभी आहे.

२२/
ही भिंत पाडण्याचे वचन कागदावर दिलेले आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक करारातील कलम ६ लोकशिक्षण, लोकजागृती आणि माहितीच्या उपलब्धतेची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकते. २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम १२ मध्ये तिचा पुनरुच्चार आहे. भारताने २००८ मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, तेव्हा त्यातील ८ अभियानांपैकी एक संपूर्ण अभियान या विषयाच्या ज्ञाननिर्मितीलाच वाहिलेले होते. ज्ञान हे धोरणाच्या खांबांपैकी एक आहे, हे सरकारनेही मान्य केलेले आहे.

२३/
प्रत्यक्षात काय घडते? २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला झाला. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प येणार, त्यांच्यापैकी कितीजण त्या भाषांत हरकत लिहू शकले असते? ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत आणण्याचा आदेश दिला. केंद्र सरकारने या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. भाषांतर करायचे की नाही, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जाण्याची वेळ यावी, हेच बोलके आहे. १८९७ ची आठवण इथे अपरिहार्यपणे येते.

२४/
दुसरे उदाहरण अधिक बोचरे. २०१८ नंतर देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष उभे राहिले. हवामान खात्याचा अंदाज घेऊन स्थानिक पीक, माती आणि पेरणीचा टप्पा यांच्याशी त्याचा मेळ घालायचा आणि शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला द्यायचा, हे त्यांचे काम. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, काढलेले सोयाबीन झाकावे काय, असे ते सल्ले. २०२४ च्या आरंभी हे कक्ष बंद करण्याचा आदेश निघाला. १८७५ पासून दीड शतक चाललेल्या प्रवासाचा शेवटचा, शेताच्या बांधापर्यंत पोहोचणारा टप्पाच छाटला गेला.

२५/
समर्थनार्थ सांगितले गेले ते असे : आता यंत्रे स्वयंचलित आहेत, माणसांची तेवढी गरज नाही, शिवाय अशा सेवेचे मूल्य आकारता येईल. यंत्र पावसाचा आकडा देईल, यात शंका नाही. पण आकडा आणि सल्ला यांच्यात जे अंतर आहे ते माणूस भरून काढतो, आणि तोही त्या जिल्ह्याची माती ओळखणारा. मूल्याचे म्हणाल तर ते ज्याला परवडते त्याला विम्याचेही कवच असते आणि विहिरीचेही. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्यासाठीच विनामूल्य माहितीला अर्थ आहे. पैसे मोजल्याशिवाय न मिळणारे भाकीत हे गरिबाच्या दृष्टीने गोपनीय भाकीतच.

२६/
एक आक्षेप मात्र गंभीर आहे. नुसत्या माहितीने काय होते? १८७७ मध्ये लोक मरत आहेत हे सरकारला ठाऊक होते. सार्वजनिक सभा सांगत होती, कलेक्टर लिहीत होते, तरी धान्याची निर्यात सुरूच होती. मग ज्ञान हा उपाय कसा? उत्तर १८९६ ने दिले आहे. माहिती केवळ शासनकर्त्यांकडे असते तेव्हा ती दयेवर चालते. ती लोकांकडे येते तेव्हा त्यांना प्रश्न विचारता येतो : नियम असा आहे, मग अंमल का नाही? संशोधनातून धोरणाला दिशा मिळते आणि लोकमाहितीमुळे ते धोरण जबाबदार राहते. दोहोंपैकी एकाला पैसा देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवणे म्हणजे बैलजोडीतल्या एकाच बैलाला वैरण घालणे.

२७/
तेव्हा मागणी अवाजवी नाही. निरीक्षण-ठाण्यांचा आणि दीर्घ नोंदींचा खर्च आपत्तीची वाट न पाहता दरवर्षी, न तोडता मिळावा. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक हवामान-मूल्यमापनाची मराठी आवृत्ती इंग्रजीसोबतच निघावी, नंतर नव्हे. धोरणाचा मसुदा लोकांच्या भाषेत आल्याशिवाय हरकतींची मुदत सुरू होऊ नये. ‘खात्री किती’ हेही अंदाजासोबत सांगितले जावे. आणि जिल्ह्यापर्यंत, शक्य तेथे तालुक्यापर्यंत, आकड्याचा सल्ला करणारा माणूस नेमलेला असावा. यांतील एकही गोष्ट नवी नाही. प्रत्येकीचा पूर्वज या धाग्यात भेटून गेला आहे.

२८/
वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा महाराष्ट्रातील जुना विनोद आहे. त्यात थट्टा आहे, तसाच एक हक्कही गृहीत धरलेला आहे : अंदाज सर्वांसमोर येतो, म्हणून त्याची थट्टा करता येते. १९०२ मध्ये ही थट्टा शक्य नव्हती, कारण हसायलाही भाकीत कानावर पडावे लागते. चुकणारे पण उघड असलेले ज्ञान सुधारते; वॉकरचे सारे काम एका चुकीच्या वर्षातूनच उगवले. पुढच्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील पाऊस कसा वागेल, याचे आकडे आज कुठल्या तरी संगणकावर तयार होत आहेत. ते वाशीमच्या शेतात आणि रायगडच्या वाडीवर त्या त्या माणसाच्या भाषेत पोहोचणार की दप्तरात राहणार, हे निसर्ग ठरवत नाही. ते अर्थसंकल्प ठरवतो, आणि अर्थसंकल्पाला प्रश्न विचारणारे नागरिक ठरवतात.
(धागा समाप्त)